उतारवयातील उपवास आणि शरीराची शिल्लक

भाद्रपद शुद्ध तृतीयेला हरतालिका येते. त्याच दिवशी छत्तीसगडमध्ये घरोघरी तीजा असते. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात, म्हणजे इकडचा ‘करू भात’, खाऊन स्त्रिया झोपतात आणि दुसरा सगळा दिवस व रात्र पाण्याचा थेंबही न घेता काढतात. भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये पोलाद कारखान्याच्या निमित्ताने देशभरची माणसे शेजारी येऊन राहिली. तिथे मराठी घरातली हरतालिका आणि पलीकडच्या क्वार्टरमधला तीजा यांत भिंतीएवढेच अंतर असते. अशा बहुतेक घरांत एक आजी असतात आणि त्यांच्याविषयी अभिमानाने सांगितले जाते, ‘‘पंचाहत्तरी उलटली, पण अजून पाणी घेत नाहीत हो!’’

हे वाक्य आपण ऐकले असेल, कदाचित उच्चारलेही असेल. त्याच वाक्याचा येथे विचार करायचा आहे. पंचाहत्तराव्या वर्षी पाळलेले निर्जळ व्रत हे पंचविसाव्या वर्षीच्या व्रताइतकेच, किंबहुना त्याहून मोठे तप मानावे का? की वय वाढते तसे तपाचे मापच बदलते? प्रश्न श्रद्धेचा आहे. पण त्याचे अर्धे उत्तर आपल्या मूत्रपिंडात दडलेले आहे. म्हणून आधी तिकडे पाहू.

दोन मुठींएवढे हे दोन अवयव. दोघांचे मिळून वजन शरीराच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसभरात ती सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळे पुन्हा रक्तात परत घेतात. शरीर किती काटकसरीने चालते याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. ही गाळणी लक्षावधी सूक्ष्म घटकांची बनलेली असते. त्या घटकांना नेफ्रॉन म्हणतात. एका मूत्रपिंडात ते सरासरी दहा लाखांच्या घरात असतात, माणसागणिक कमीजास्त. जन्मानंतर नवा नेफ्रॉन तयार होत नाही. जेवढी पुंजी घेऊन आलो तेवढ्यावरच जन्म काढायचा असतो.

ही पुंजी गरजेपेक्षा पुष्कळ मोठी असते, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. आई मुलाला, बहीण भावाला एक मूत्रपिंड देते आणि उरलेल्या एकावर स्वतः नीट जगते, ते या शिलकीमुळेच. वय वाढते तसे आधी ही शिल्लक कमी होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी मूत्रपिंड दान करणाऱ्या निरोगी व्यक्तींचा अभ्यास करून २०१७ मध्ये जे आकडे मांडले, ते बोलके आहेत. अठरा ते एकोणतीस या वयोगटात एका मूत्रपिंडात शाबूत नेफ्रॉन सुमारे ९ लाख ९० हजार होते. सत्तर ते पंचाहत्तर या वयोगटात ते ५ लाख २० हजारांच्या आसपास उरले होते. म्हणजे जवळजवळ निम्मे, आणि तेही ज्यांना डॉक्टरांनी दानासाठी योग्य ठरवले अशा धडधाकट माणसांत. त्यांना कसला त्रास होत नव्हता, पायाला सूज नव्हती. रोजच्या दिवसाला निम्मे पुरतात. प्रश्न येतो तो वाईट दिवशी.

भिलाईच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. येथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. भट्टीच्या आत रिफ्रॅक्टरी विटांचे अस्तर असते आणि वितळलेल्या लोखंडाच्या धगीने ते वर्षानुवर्षे झिजत राहते. बाहेरून भट्टी काल होती तशीच दिसते, उत्पादनही तेवढेच निघते. पण जुन्या अस्तराच्या भट्टीला कसे चालवायचे हे तिथले अनुभवी लोक जाणतात. अस्तर नवे असताना जे खपते ते आता खपत नाही. भट्टी बंद करून अस्तर बदलता येते. माणसाच्या बाबतीत ती सोय नाही, एवढाच फरक.

चाळिशीनंतर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता दर वर्षी मिनिटाला साधारण एक मिलिलिटरने उतरते, असे वैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलेले असते. ते सरासरी म्हणून ठीक आहे. परंतु अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९५८ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात एक निराळी गोष्ट दिसली. २५४ निरोगी लोकांची वर्षानुवर्षे तपासणी करून १९८५ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनुसार सुमारे एक तृतीयांश लोकांच्या मूत्रपिंडाची क्षमता या काळात मुळीच घटली नव्हती! सरासरी उतरत होती. प्रत्येक जण उतरत नव्हता. तेव्हा ‘वय झाले, आता असेच व्हायचे’ हे वाक्यही आपण समजतो तितके निर्विवाद नाही. त्याकडे पुढे येऊ.

ही झीज का होते? अनेक कारणांपैकी एकाचे नाव हल्ली सर्वांच्या ओठांवर असते: ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. शब्द अवघड वाटला तरी गोष्ट पोलादनगरीत राहणाऱ्याच्या ओळखीची आहे. लोखंड प्राणवायूने गंजते. आपल्या पेशीही प्राणवायूवर चालतात आणि शक्ती निर्माण करताना काही जहाल, अस्थिर कण मागे उरतात. ते पेशीच्या आवरणावर, प्रथिनांवर, जनुकांवर आघात करतात. शरीर त्यांना आवरते आणि मोडतोड दुरुस्तही करते. दुरुस्ती मागे पडली की गंज चढू लागतो. डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये म्हातारपणाचे मूळच यात आहे असे मांडले होते. मूत्रपिंडाला हा ताण विशेष, कारण ते १८० लिटर परत खेचून घेण्याचे श्रम अहोरात्र करते. त्यासाठी त्याच्या पेशींत शक्ती निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची दाटी असते. शिवाय मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्याला रक्तपुरवठा बेताचाच असतो. तिथल्या पेशी निरोगी माणसातही प्राणवायूच्या टंचाईच्या काठावर काम करतात. अंगातले पाणी कमी झाले, रक्तदाब खाली आला, की पहिला फटका या गाभ्याला बसतो.

मग गंज काढणारे औषध घ्यावे, हे ओघाने आले. बाजाराने ते केव्हाच ओळखले. आवळ्यापासून द्राक्षाच्या बियांपर्यंत सगळ्यांच्या पुड्या ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून विकल्या जातात आणि त्यांत तारुण्याचे आश्वासन घालून दिलेले असते. (आवळा चांगलाच, तो खावा. त्याच्या पुडीला पाचशे रुपये का द्यावेत हे मला कळलेले नाही.) पण विज्ञानाने या आशेची कसोटी घेतली तेव्हा काय झाले पाहा. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. १९९४ मध्ये हे जाहीर झाले. मूत्रपिंडाच्या बाबतीत तर अधिक बोधक गोष्ट घडली. मधुमेहाने मूत्रपिंडे बरीच खराब झालेल्या रुग्णांना बार्डोक्झोलोन हे औषध देण्यात आले. शरीराची स्वतःची गंजरोधक यंत्रणा जागी करणे हे त्याचे काम. तपासणीच्या कागदावर मूत्रपिंडाचा आकडा सुधारला. आणि तरी २०१२ मध्ये तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांत हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढले होते. आकडा सुधारला, माणूस बिघडला.

यातून विज्ञानाची फजिती झाली असे समजून खूश होऊ नये. त्याने प्रामाणिकपणे मोजले म्हणून तर आपल्याला कळले. कळले ते हे की, हा ताण केवळ शत्रू नाही. आपल्या पांढऱ्या पेशी याच जहाल कणांनी जंतू मारतात. आणि २००९ मध्ये जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला, तेव्हा नुसता व्यायाम करणाऱ्यांची शर्करा हाताळण्याची क्षमता सुधारली; व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांना तो लाभ मिळालाच नाही. श्रमाने जो थोडा ताण येतो, तोच शरीराला ‘उठ, दुरुस्तीला लाग’ असे सांगत असतो. तो ताण गोळीने पुसून टाकला की निरोपच पोहोचत नाही.

साधकाला हे ऐकून नवल वाटणार नाही. तप या शब्दाचा मूळ अर्थच तापणे. तापल्याशिवाय धातू शुद्ध होत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पण त्या दृष्टांतातला एक भाग आपण सहसा सांगत नाही. धातू किती तापवायचा हे धातूवर अवलंबून असते आणि मुशीवरही. शक्तीच्या आतला ताप घडवतो. शक्तीबाहेरचा तोच ताप फोडतो. पंचविसाव्या वर्षी आणि पंचाहत्तराव्या वर्षी व्रत एकच असेल, तिथी तीच असेल, कथाही तीच असेल. मूस तीच राहिलेली नसते.

निर्जळ दिवशी आत काय होते? पाणी येत नाही म्हटल्यावर मूत्रपिंड लघवी घट्ट करून पाणी वाचवते. तरुण मूत्रपिंड ती रक्ताच्या साधारण चौपट घट्ट करू शकते आणि दिवसाचा सगळा टाकाऊ माल अर्ध्या लिटर पाण्यात बाहेर काढते. वयाबरोबर ही किमया कमी होते. तेवढाच टाकाऊ माल काढायला वृद्ध शरीराला जास्त पाणी खर्चावे लागते, म्हणजे ज्याची गंगाजळी कमी त्याचाच खर्च अधिक. त्यात ज्येष्ठातली निर्जला एकादशी असेल आणि भिलाईचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असेल, तर घामाचा हिशेब वेगळाच.

आणि आता या सगळ्या विषयातली, मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटलेली गोष्ट. १९८४ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी सात तरुण आणि सात धडधाकट वृद्ध पुरुषांना चोवीस तास पाण्याविना ठेवले. आपल्या हरतालिकेएवढाच काळ. वृद्धांच्या रक्तातला क्षार तरुणांपेक्षा जास्त वाढला होता, लघवी तितकी घट्ट झालेली नव्हती, म्हणजे पाण्याची गरज त्यांना अधिक होती. आणि तहान मात्र त्यांना कमी लागली होती! पाणी समोर ठेवल्यावरही ते पुरेसे प्यायले नाहीत.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्या आजींना ‘‘मला नाही हो तहान लागत, सवय झाली आता’’ असे वाटते, त्या खोटे बोलत नाहीत. त्यांना खरेच तहान लागत नाही. आपण त्याला व्रताची सिद्धी समजतो, त्यांनाही ती देवाची कृपा वाटते. वस्तुतः आतला पहारेकरी झोपू लागलेला असतो. तारुण्यात तहान सोसणे हा संयम होता, कारण तहान होती आणि तिला आपण नाही म्हणत होतो. जिथे तहान जागीच होत नाही तिथे नाही कोणाला म्हटले? वासनेवर जय मिळवल्याचा अनुभव आणि संवेदना मंदावल्याचा अनुभव, हे दोन्ही आतून अगदी सारखे वाटतात. हा नुसता वैद्यकाचा मुद्दा नाही. आत्मपरीक्षण हे ज्याचे साधन आहे त्या प्रत्येकाला हा प्रश्न पडला पाहिजे: आतल्या साक्षीवर किती भरवसा ठेवावा? ‘मला काही होत नाही’ हा चाळिशीपर्यंत बऱ्यापैकी पुरावा असतो. सत्तरीनंतर तो पुरेसा राहत नाही. तिथे घड्याळ पाहून प्यालेले पाणी, रक्ताची तपासणी, सुनेचे ‘‘आई, तोंड सुकलंय तुमचं’’ हे बाहेरचे साक्षीदार घ्यावे लागतात. स्वतःला ओळखण्यासाठी दुसऱ्याची मदत घेण्यात साधकाचा कमीपणा तो काय?

कोणी म्हणेल, असे म्हणत गेलो तर एकेक व्रत सुटत जाईल. आज पाणी, उद्या दूध, परवा पोळी. ही भीती खोटी नाही. सवलत कशी पसरते हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून आपल्या परंपरेनेच या बाबतीत काय म्हटले आहे ते पाहावे. हरतालिकेची कथा पार्वतीच्या तपाची. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त त्याच तपाच्या वेळी शंकर ब्रह्मचाऱ्याच्या वेषात येतात आणि तिची विचारपूस करताना हेही विचारतात की, आपल्या शक्तीला पेलेल एवढेच तप करतेस ना? कारण धर्म साधण्याचे पहिले साधन शरीर आहे. ज्या व्रताची देवता पार्वती, त्याच तपात हा प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारणारे स्वतः शंकर आहेत! महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला उपदेश करताना ज्यांच्यामुळे व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी सांगतो. त्यांत पहिले नाव पाण्याचे आहे आणि शेवटचे औषधाचे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये रचलेला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ आपल्याकडे व्रतवैकल्यांचा निर्णय करताना प्रमाण मानला जातो. त्यात एकादशीच्या उपवासाला आठ वर्षांच्या वरचे आणि ऐंशीच्या आतले वय धरले आहे. ज्या काळी ऐंशी गाठणारे विरळा होते त्या काळीही सीमा आखावीशी वाटली, याकडे लक्ष द्यावे. सेक्टर ६ मधल्याच जामा मशिदीत रमजानला जाणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांच्या धर्मातही, ज्याला म्हातारपणामुळे रोजा झेपत नाही त्याने त्या दिवसापोटी एका गरिबाला जेवू घालावे अशी तजवीज आहे. व्रते घालून देणाऱ्यांना वृद्धत्व ठाऊक होते. विसर आपल्याला पडला आहे.

तरीही एक अवघड प्रश्न उरतोच, आणि तो टाळून पुढे जाऊ नये. आजी म्हणतील, ‘‘माझे शरीर, माझे व्रत. पन्नास वर्षांत मोडले नाही. एका दिवसाने आयुष्य कमी झाले तर झाले.’’ यावर काय बोलावे? त्यांच्यावर जबरदस्ती करण्याचा अधिकार मुलाला नाही, सुनेला नाही, या लेखालाही नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातातले सगळे निर्णय एकेक करून काढून घेणे ही आजच्या घरांतली एक मूक हिंसा आहे, आणि ती काळजीच्या नावाने होते. व्रत हा त्यांच्या हातात उरलेल्या थोड्या गोष्टींपैकी एक असू शकतो. तेव्हा सांगावे, पण धाक घालू नये.

मात्र सांगताना खरे सांगावे. निर्जळ दिवस बहुधा निभावून जातो हे खरे. ज्या दिवशी निभावत नाही, त्या दिवसाचा परिणाम ‘एका दिवसाने आयुष्य कमी’ असा सुटसुटीत नसतो. मूत्रपिंडाला अचानक बसलेला धक्का पुष्कळदा भरून येतो; पण अस्तर आधीच पातळ असेल तर पूर्ण भरून येत नाही. आणि मूत्रपिंड निकामी झाले तर माणूस एका दिवसात जात नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर वेळी चार तास यंत्राशेजारी झोपून जगतो. हे ऐकवायचे ते ‘आम्हाला त्रास होईल’ म्हणून नव्हे. आपण आपल्या ओझ्याची भीती घालून वृद्धांना शहाणे करू पाहतो, ते मला अनुचित वाटते. त्यांनी ज्याचा त्याग करायचा ठरवले आहे ती वस्तू नेमकी कोणती, हे त्यांना माहीत असावे, एवढ्यासाठीच सांगायचे.

धोका बहुतेकदा पाण्यापेक्षा गोळ्यांत असतो, हेही येथेच सांगून ठेवतो. गुडघेदुखीची वेदनाशामक गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या या तिन्ही एकत्र पोटात असताना अंगातले पाणी कमी झाले, तर जुन्या मूत्रपिंडाला तो मार फार जड जातो. मधुमेहाच्या गोळ्यांचाही उपाशी दिवसाचा नियम निराळा असतो. व्रताच्या आधी आठवडाभर डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. कोणती गोळी त्या दिवशी थांबवायची हे आपल्या मनाने ठरवू नये. ज्यांची मूत्रपिंडे आधीच बरीच दुबळी झाली आहेत त्यांनी निर्जळ सोडून फराळ केला म्हणजे सुटलो असेही समजू नये. बटाटा, केळी, शहाळे यांत पोटॅशियम भरपूर असते आणि दुबळे मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. उपवासाचे सैंधव मीठही मुख्यतः मीठच असते. उलट, हृदय कमजोर असलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या काहींना डॉक्टरांनी पाणी मोजूनच प्यायला सांगितलेले असते; त्यांनी हा लेख वाचून पाणी वाढवू नये.

आता ‘वय झाले’ या वाक्याकडे. निर्जळ व्रतात आपण वय विसरतो. एरवी मात्र सगळ्याला वय लावतो. रात्री चार वेळा उठावे लागते? वय झाले. पाय सुजतात? वय झाले. थकवा येतो, भूक लागत नाही? आता या वयात असे व्हायचेच. असे म्हणून वृद्ध स्वतः गप्प बसतात आणि घरचेही सुटतात. बाल्टिमोरच्या त्या एक तृतीयांश लोकांची आठवण येथे ठेवावी. मूत्रपिंडे झिजवणारे मोठे वाटेकरी म्हणजे उच्च रक्तदाब आणि मधुमेह. ते वय नव्हेत, आणि त्यांना आवर घालता येतो. आपल्याच छत्तीसगडमधले, गरियाबंद जिल्ह्यातले सुपेबेडा गाव पाहा. तिथे मूत्रपिंडाच्या विकाराने घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली; चाळिशी-पन्नाशीतली कर्ती माणसे गेली. गावकऱ्यांनी विचारायचे सोडले नाही म्हणून तिथल्या पाण्याच्या तपासण्या झाल्या, गावाचे नाव देशभर पोहोचले. त्यांनी ‘नशीब’ म्हणून सोडून दिले असते, तर कोणी फिरकलेही नसते. जे खरोखर काळाचे देणे आहे ते शांतपणे द्यावे. पण दुर्लक्षाचे देणे काळाच्या नावावर लिहू नये. तसे लिहिले की वैराग्याच्या आड आळस लपतो.

दोन्हींतला फरक कळायला फार खर्च येत नाही. रक्तातले क्रिएटिनिन तपासतात, पण वृद्धांत तो एकटा आकडा फसवा असतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि म्हातारपणी स्नायूच कमी झालेले असतात, त्यामुळे मूत्रपिंड दुबळे असूनही आकडा साधा दिसू शकतो. म्हणून अहवालात त्याच्याखाली वय धरून काढलेला ईजीएफआर नावाचा आकडा असतो, तो पाहावा. लघवीत अल्ब्युमिन जाते का, याचीही तपासणी करून घ्यावी. कारखान्यातून निवृत्त झालेल्या पिढीला ही शिस्त नवी नाही. भट्टीचे तापमान अंदाजाने सांगितलेले त्यांनी कधी चालवून घेतले नसते.

मग उतारवयातल्या साधकाने तप सोडावे का? तसे मुळीच नाही. तपाची जागा बदलावी. जिभेचे मीठ कमी करणे, पापड-लोणच्याचा हात आखडता घेणे हे सत्तरीत निर्जळ राहण्यापेक्षा कठीण आहे, करून पाहा. ते एका दिवसाचे नसते, त्याची कोणी वाहवा करत नाही, आणि रक्तदाबाला त्याचा खरा उपयोग होतो. दुखले की लगेच वेदनाशामक गोळी न घेणे, सोसवेल तेवढे चालणे, न विचारता सल्ला न देणे (हे शेवटचे मूत्रपिंडासाठी नाही, घरासाठी आहे). आणि तहान नसताना, केवळ वेळ झाली म्हणून पाण्याचा पेला उचलणे. तारुण्यात तहान असून न पिणे हा संयम होता. आता तहान नसून पिणे हा संयम आहे. ‘मी अजून पूर्वीसारखीच आहे’ हे स्वतःला आणि जगाला दाखवण्याची जी सूक्ष्म ओढ असते, तिला नाही म्हणणे यात आहे. आणि अन्नापाण्याला नाही म्हणण्याहून ते अवघड आहे, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट आजींच्या हाती आहे, ती दुसऱ्या कोणाच्याच हाती नाही. घरातल्या बाकीच्या स्त्रिया त्यांच्याकडे पाहून व्रत करतात. एखादी सून गरोदर असते, एखादीला मुतखड्याचा त्रास असतो, एखादी दिवसभर नोकरी करून आलेली असते. सासूबाई पाणी घेत नाहीत तर आपण कसे घ्यावे, म्हणून त्याही ओठ घट्ट मिटून बसतात. डॉक्टरांनी सांगून त्या ऐकत नाहीत, नवऱ्याने सांगून ऐकत नाहीत. पूजा झाली, आरती झाली, की आजींनी सगळ्यांच्या देखत तांब्यातले पाणी फुलपात्रात ओतावे, देवीला दाखवावे, दोन घोट घ्यावेत आणि ते फुलपात्र शेजारी बसलेल्या सुनेच्या हातात द्यावे.